जुळे सोलापुरातली एक गच्ची: करपलेली पानं, बोअरचं पाणी आणि साठत गेलेलं मीठ

सोलापुरात मार्च उजाडला की गच्चीवरची बाग माना टाकायला लागते आणि घरोघरी एकच निदान होतं: ऊन लागलं. हिरवी जाळी बांधली जाते, पाणी सकाळ-संध्याकाळ दोनदा होतं, तरी मेअखेर निम्म्या कुंड्या रिकाम्या. ऊन इथलं कडक आहेच. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि रात्रीही पंचविशीच्या खाली फारसा उतरत नाही. पण या प्रकरणात उन्हाच्या माथी मारलेल्या चार तक्रारींपैकी एकच खरी उन्हाची होती. बाकीच्या तिन्हींचं मूळ पाण्यात आणि पाणी घालण्याच्या पद्धतीत सापडलं.

परिस्थिती

जुळे सोलापूर या उपनगरातलं दुमजली घर, सुमारे ६०० चौरस फुटांची मोकळी गच्ची. काळ्या प्लास्टिकच्या १४ ग्रो बॅगा, प्रत्येकी १६ इंच रुंद आणि १३ इंच उंच, म्हणजे साधारण ४० लिटरच्या. सहांत टोमॅटो, तीनांत वांगी, दोनांत मिरची, दोनांत घेवडा, एकात गवार. शिवाय १०० लिटरच्या दोन पिंपांत लिंबू आणि भगवा जातीचं डाळिंब. बॅगांत निम्मी शेतातली काळी माती, निम्मं शेणखत. बॅगा थेट स्लॅबवर टेकलेल्या.

महापालिकेचं पाणी रोज येत नाही, काही दिवसांच्या आड येतं. ते घरातल्या वापराला राखायचं आणि झाडांना बोअरचं घालायचं, अशी सोलापुरातल्या बहुतेक घरांत असते तशीच इथलीही वाटणी. टोमॅटोची रोपं जानेवारीच्या शेवटी लावली. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत झाडं जोमदार होती. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात जुन्या पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत झाल्या. लिंबाची कोवळी पानं पिवळी पडली, शिरा मात्र हिरव्याच राहिल्या. टोमॅटोची फुलं देठाच्या गाठीपाशी गळू लागली. जी थोडी फळं धरली होती त्यांच्या बुडाला काळा, दबलेला डाग आला.

बाग बघतात त्या घरच्या काकू. त्यांनी एकेक उपाय केले: पाण्याच्या पाळ्या वाढवल्या, दर आठवड्याला १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत घातलं, मूठमूठ डीएपी हे रासायनिक खत दिलं, बुडाच्या डागासाठी अंड्याची टरफलं कुटून टाकली. एप्रिलच्या सुरुवातीला घेवडा संपूर्ण वाळला. गवारीची बॅग मात्र त्याच ओळीत, त्याच पाण्यावर, हिरवीगार उभी होती. सगळ्या तपासाचा धागा या गवारीतच होता. ऊन मारत असतं तर कडेला, पश्चिमेच्या कठड्याला लागून असलेली ती बॅग आधी गेली असती.

तपासणी

पिण्याच्या पाण्यासाठी मिळतो तो साधा टीडीएस पेन, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं छोटं उपकरण, इथे पुरतो. काही शे रुपयांत मिळतो आणि गच्चीवर बाग करणाऱ्या प्रत्येक घरात असायला हवा, इतका तो कामाचा आहे. आकडे असे आले: महापालिकेचं पाणी ३१० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम क्षार), बोअरचं १,२५०. आरओ फिल्टर बोअरच्या टाकीवर चालत असताना त्यातून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी १,८००. वाया जाऊ नये म्हणून हे टाकाऊ पाणी बादलीत धरून रोज जवळच्या दोन मिरच्यांना घातलं जात होतं. आरओ शुद्ध पाणी वेगळं काढतो तेव्हा क्षार नाहीसे होत नाहीत, उरलेल्या पाण्यात एकवटतात. ते पाणी फरशी पुसायला वापरावं, कुंडीत कधीच नको.

पेनचा आकडा ५०० ने भागला की ईसी म्हणजे विद्युतवाहकता डेसिसिमेन प्रति मीटर या मापात मिळते. बाजारातले बहुतेक स्वस्त पेन याच हिशेबानं चालतात. म्हणजे बोअरचं पाणी २.५, नळाचं ०.६२.

पाण्यापेक्षा महत्त्वाचा आकडा बॅगेच्या आतला. तो काढायची रीत सोपी आहे. नेहमीसारखं पाणी घालावं, अर्धा तास थांबावं, मग आरओचं शुद्ध पाणी २५० मिली वरून सावकाश ओतावं आणि खालच्या भोकातून येणारे पहिले ५० मिली वाटीत धरून मोजावेत. भाजीपाल्याला हा आकडा ५०० ते १,३०० च्या दरम्यान असावा. टोमॅटोच्या बॅगेत तो ३,१०० निघाला, घेवड्याच्या २,९००, लिंबाच्या पिंपात १,९००. आरओचं टाकाऊ पाणी प्यायलेल्या मिरचीच्या बॅगेत ३,९००. गवारीच्या बॅगेतही ३,००० होता आणि गवार आनंदात होती.

बॅगांच्या काठावर आणि मातीवर पांढरा थर होता, जुन्या भिंतीला लोणा चढतो तसा. त्यावर व्हिनेगरचे थेंब टाकले. काही ठिकाणी फसफसलं, ती चुनखडी. काही ठिकाणी काहीच झालं नाही, पण साध्या पाण्यात थर लगेच विरघळला. ते विद्राव्य मीठ. पानाची कड जाळतं ते हे दुसरं.

दुपारी तीनला बॅगेच्या पश्चिमेच्या बाजूला, कडेपासून दोन इंच आत थर्मामीटर खुपसला तर ४६ अंश सेल्सिअस दिसलं, मध्यभागी ३७. काळा प्लास्टिक आणि खाली तापलेला स्लॅब, दोन्हीकडून भट्टी. कडेची पांढरी मुळं तपकिरी पडलेली होती. ज्या मुळांनी पाणी ओढायचं तीच भाजलेली, त्यामुळे दुपारी माती ओली असतानाही झाड सुकलेलं दिसायचं आणि ते बघून आणखी पाणी घातलं जायचं.

मीठ साठलं कसं

हिशेब सरळ आहे. बोअरच्या एक लिटर पाण्यात पेनच्या मापानं सव्वा ग्रॅम क्षार. रोज अडीच लिटर, फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत ७५ दिवस. एकूण २३४ ग्रॅम, म्हणजे एका बॅगेत जवळजवळ पाव किलो. झाड पाणी पितं आणि पानांवाटे उडवतं, क्षार जवळपास सगळे मातीत सोडतं. शेतात हे मीठ पावसाबरोबर खोल जातं. बॅगेत त्याला एकच वाट असते, बुडाची भोकं.

आणि ती वाट इथे बंद होती, हे या प्रकरणाचं मर्म. भोकं बुजलेली नव्हती. पण खालून पाणी ठिबकायला लागलं की गच्चीवर डाग पडतात, खाली ओल येईल अशी भीती वाटते, म्हणून ठिबकण्याआधीच पाणी थांबवायची सवय लागलेली होती. काटकसरीची, समजूतदार वाटणारी सवय. पण पाण्याचा एक थेंबही बाहेर पडला नाही तर मिठाचा एक कणही बाहेर पडत नाही.

काळ्या मातीनं त्यात भर घातली. वाळली की ती आक्रसते, बॅगेच्या कडेनं भेग पडते, आणि वरून ओतलेलं पाणी त्या भेगेतून थेट खाली जातं. वाटतं, निचरा उत्तम आहे. प्रत्यक्षात मधला गोळा कोरडाच राहतो आणि मीठ धुतलं जात नाही. ज्या मातीनं सोलापूरच्या रब्बी ज्वारीला पिढ्यान्‌पिढ्या ओलावा धरून दिला, तीच माती फूटभर उंचीच्या बॅगेत नुसती भरणं चूक आहे.

चार तक्रारी, चार कारणं

जुन्या पानांच्या कडा जळणं हे मिठाचं. पाण्याबरोबर पानाच्या टोकापर्यंत गेलेले सोडियम आणि क्लोराइड तिथेच साचतात. खताची मात्रा वाढवणं म्हणजे यात आणखी मीठ घालणं. डीएपी आणि १९:१९:१९ हेसुद्धा क्षारच आहेत.

लिंबाच्या कोवळ्या पानांचं पिवळेपण लोहाच्या कमतरतेचं. बोअरच्या पाण्यातले बायकार्बोनेट माती अल्कधर्मी करतात आणि मातीत असलेलं लोह मुळांना मिळेनासं होतं. मातीत फेरस सल्फेट टाकलं तर तेही काही दिवसांत बांधलं जातं. चिलेटेड लोह, म्हणजे मातीत बांधलं जाऊ नये म्हणून दुसऱ्या रसायनात धरून ठेवलेलं लोह, घेताना पिशवीवरचा प्रकार वाचावा. ईडीटीए प्रकार अल्कधर्मी मातीत टिकत नाही, ईडीडीएचए टिकतो. महाग आहे, पण पिंपाला ५ ते १० ग्रॅम पुरतं. पाण्यात लिंबूसत्व घालून आम्लता आणायचा घरगुती उपाय तात्पुरता ठरतो, कारण मातीतले जिवाणू सायट्रिक आम्ल खाऊन टाकतात आणि बायकार्बोनेट परत येतात.

बुडाच्या काळ्या डागासाठी अंड्याची टरफलं घालणं इथे निरर्थक होतं. फळात कॅल्शियम कमी पडतं हे खरं, पण मातीत ते भरपूर होतं. बोअरच्या पाण्यातूनच चुना रोज येत होता. कॅल्शियम फक्त पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढतं. माती एकदा चिंब, एकदा खडखडीत, त्यात मीठ जास्त, मुळं भाजलेली, मग फळाच्या टोकापर्यंत ते पोचणार कसं? उपाय एकसारख्या ओलाव्याचा आहे.

फूलगळ मात्र उन्हाची, आणि त्यावर खत-फवारणी काही नाही. दिवसा ३५ च्या वर आणि रात्री २१ ते २४ च्या वर तापमान राहिलं की टोमॅटोचे परागकण निकामी होतात. सोलापुरात मार्चच्या उत्तरार्धापासून हीच अवस्था असते. जानेवारीअखेर लावलेला टोमॅटो नेमका तेव्हाच फुलावर येतो. लागवडीची तारीखच चुकली होती.

कोणतं पीक किती मीठ सोसतं

मीठ धुऊन काढायला किती जादा पाणी वाहून जाऊ द्यावं, यासाठी शेतीत एक सूत्र वापरतात. पाण्याची ईसी घ्यायची. पिकाला सोसणाऱ्या मातीच्या ईसीची पाचपट करून त्यातून पाण्याची ईसी वजा करायची. पहिल्या आकड्याला दुसऱ्यानं भागायचं. सूत्र शेतासाठी बांधलेलं आहे, पण बॅगेलाही दिशा दाखवायला पुरतं. टोमॅटोची मर्यादा २.५, ढोबळी मिरचीची १.५ (तिखट मिरचीलाही तीच धरली), वांग्याची १.१, घेवड्याची १.०. चवळीची ४.९ आणि गवारीची तब्बल ८.८.

बोअरचं २.५ चं पाणी या सूत्रात घातलं की चित्र लख्ख होतं. टोमॅटोला घातलेल्या पाण्यापैकी २५ टक्के खालून वाहून जायला हवं. मिरचीला ५० टक्के, वांग्याला ८३. घेवड्याला १०० टक्के, म्हणजे या पाण्यावर घेवडा घेताच येत नाही. चवळीला ११ टक्के आणि गवारीला ६ टक्के पुरतात. गवार का तगली याचं उत्तर इथे मिळतं.

आता नळाचं आणि बोअरचं पाणी निम्मं-निम्मं मिसळलं तर ईसी १.५६ होते, पेनवर ७८०. टोमॅटोची गरज १४ टक्क्यांवर येते, मिरचीची २६, वांग्याची ४०, घेवड्याची ४५. नळाचं सगळं पाणी झाडांना देणं सोलापुरात परवडणारं नाही आणि योग्यही नाही. पण निम्मं देऊन टोमॅटो-मिरची नीट येते. घेवडा मात्र हिवाळ्यातच, शक्यतो साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर घ्यावा.

काय केलं

खत पूर्ण बंद केलं. मिरचीचं आरओचं पाणी तोडलं. वाळलेल्या घेवड्याच्या आणि अगदीच गेलेल्या अशा एकूण आठ बॅगा रिकाम्या करायचं ठरलं. जगवण्यासारख्या सहाच बॅगा धुतल्या, कारण धुण्याला नळाचं पाणी लागतं आणि एका बॅगेला निदान ४० लिटर खर्ची पडतात.

धुण्याआधी वरचा इंचभर पांढरा थर खरवडून फेकून दिला. हे विसरलं तर तेच मीठ विरघळून परत मुळांशी जातं. कडेच्या भेगा काडीनं माती ढकलून बुजवल्या. मग १० लिटर पाणी झारीनं अर्ध्या तासात मुरवलं, तासाभरानं पुन्हा १०, असं चार वेळा. एकदम ४० लिटर ओतलं तर पाणी कडेनं पळून जातं आणि मीठ जागचं हलत नाही. टोमॅटोच्या बॅगेचा आकडा ३,१०० वरून १,३०० वर आला. दुसऱ्या दिवशी आणखी ४० लिटर दिल्यावर ७०० झाला. धुताना नत्रही वाहून जातं, म्हणून आठवड्यानं प्रत्येक बॅगेला अर्धा किलो गांडूळखत दिलं. त्याच आठवड्यात देऊ नये, मुळं आधी सावरू द्यावीत.

बॅगा दोन-दोन विटांवर उचलल्या, मध्ये हवा खेळायला जागा ठेवली. बाहेरून चुन्याची पांढरी सफेदी केली. पश्चिमेच्या बाजूला बॅगांच्या उंचीइतकी जुनी पोती लावली. फळभाज्यांवर ३५ टक्के सावलीची जाळी पुरते. दुकानदार ५० किंवा ७५ टक्क्यांची देतात, ती पालेभाजी आणि रोपांसाठी ठीक, टोमॅटो-मिरचीला तिच्याखाली फुलं कमी लागतात. जाळी सात फूट उंच बांधली. डोक्याच्या उंचीवर बांधली की खाली गरम हवा कोंडते आणि लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) वाढतो. वळवाच्या पावसाआधी जो वारा सुटतो त्यात जाळी शिडासारखी ओढली जाते. म्हणून दोरी लोखंडी पाइपला बांधावी, कठड्याच्या सुट्या विटांना नाही. मृग लागला की जाळी काढलीच पाहिजे, नाहीतर ढगाळ हवेत रोपं काटकुळी होतात.

लाल कोळी वांग्यावर आलाच. गंधकाची फवारणी त्यावर चालते, पण पारा ३५ च्या वर असताना गंधक पान भाजतं. त्यामुळे एप्रिलभर सकाळी पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा, एवढंच केलं. दर तिसऱ्या दिवशी केलं तर कोळी आटोक्यात राहतो.

आच्छादनाला कडबा कुट्टी, दोन इंच जाड. सोलापुरात कडब्याची वानवा नाही आणि याहून स्वस्त, याहून चांगलं आच्छादन शोधायची गरज नाही. खोडापासून चार बोटं लांब ठेवावं आणि मातीत मिसळू नये, कुजताना ते नत्र ओढून घेतं.

पाणी सकाळी आठच्या आत. नळाचं पाणी आलं की २०० लिटरच्या पिंपात १०० लिटर भरायचं आणि बोअरचं १०० मिसळायचं. पिंपाला घट्ट झाकण हवं, डेंगीचा डास अशाच स्वच्छ साठ्यात वाढतो. बॅगेला अडीचऐवजी तीन लिटर, आणि खालून अर्धा लिटरभर बाहेर आलंच पाहिजे. ते बाहेर येणं ही आता चूक राहिली नाही, ते मोजायचं माप झालं. ठिबक सिंचन लावलं असेल तर त्याच्या तोट्या चुन्यानं बुजतात. महिन्यातून एकदा काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवल्या की मोकळ्या होतात.

रिकाम्या बॅगांची माती

पावसात ठेवली की माती आपोआप धुतली जाईल, असं वाटतं. पण १६ इंची बॅगेच्या तोंडात १०० मिलिमीटर पावसाचे फक्त तेरा लिटर पडतात. तेवढ्यानं ४० लिटर माती धुतली जात नाही. तीच माती अंगणात शेडनेटच्या तुकड्यावर चार इंच जाडीनं पसरली तर तेवढ्याच पावसात तिच्या आकारमानाइतकं पाणी तिच्यातून जातं. आठ बॅगांच्या मातीला सव्वातीन चौरस मीटर जागा पुरली. जुलैअखेर तपासलं तेव्हा आकडा ६०० च्या खाली होता.

नव्यानं भरताना ४० लिटरला १२ लिटर ही धुतलेली, चाळलेली माती, १२ लिटर गांडूळखत, १० लिटर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), ६ लिटर जाड रेती आणि १५० ग्रॅम निंबोळी पेंड. कोकोपीट आधी भिजवून, पिळून, पिळलेल्या पाण्याचा आकडा बघावा. स्वस्त विटेत खारं कोकोपीट निघतं. आकडा ५०० च्या खाली येईपर्यंत धुवावं. साखर कारखान्याच्या मळीचं (प्रेसमडचं) पूर्ण कुजलेलं खत मिळालं तर गांडूळखताऐवजी निम्म्यापर्यंत चालतं. ताजी मळी गरम होते आणि मुळं मारते.

वजनाकडेही बघावं. भिजलेली ४० लिटरची बॅग ५० किलोच्या आसपास जाते. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात प्रति चौरस मीटर सुमारे १५० किलो भार धरतात, म्हणजे चौरस मीटरला तीन बॅगा ही कमाल. लिंबा-डाळिंबाची पिंपं स्लॅबच्या मध्यावरून उचलून तुळईवर, भिंतीच्या रेषेत हलवली.

पुढचा हंगाम

टोमॅटोचं बी जुलैअखेर टाकलं, रोपं ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात लावली. सोलापूरच्या पावसाचा मोठा वाटा सप्टेंबरात पडतो, तेव्हा बॅगा उघड्याच ठेवल्या. नोव्हेंबरपासून तोडा सुरू झाला आणि फेब्रुवारीपर्यंत प्रत्येक बॅगेला अडीच ते तीन किलो टोमॅटो निघाले. बुडाचा डाग दोन-चार फळांपुरताच दिसला, तोही गावाला गेल्यामुळे दोन दिवस पाणी चुकलं त्या आठवड्यात. महिन्यातून एकदा वाटीत पाणी धरून मोजणं चालू ठेवलं. आकडा १,३०० च्या पुढे गेला की २० लिटर नळाच्या पाण्यानं धुवायचं, एवढाच नियम.

मार्चला टोमॅटो उपटून त्या बॅगांत गवार, चवळी आणि तांदुळजा लावला, निव्वळ बोअरच्या पाण्यावर. पालकही लावून बघायला हरकत नाही. आपला बाजारातला पालक बीटच्या कुळातला आहे आणि खारं पाणी बऱ्यापैकी सोसतो, फक्त एप्रिलमध्ये त्याला सावली द्यावी लागते. डाळिंबाला या पाण्याचा फारसा त्रास झाला नाही. ते मीठ सोसणारं झाड आहे. लिंबाचं तसं नाही. ईडीडीएचए दिल्यावर नवी पालवी हिरवी आली, पण बोअरचं पाणी मिळालं की पिवळेपण परततं. त्यामुळे लिंबाच्या पिंपाला फक्त नळाचं आणि गच्चीवरून गोळा केलेलं पावसाचं पाणी राखून ठेवलं आहे. ५० चौरस मीटर गच्चीवर २० मिलिमीटरची एक सर पडली तर गळती-बाष्पीभवन वजा जाता ८०० लिटर हाती लागतात. एका लिंबाला तेवढं पाणी बरेच आठवडे पुरतं.

बॅगांखालून निघणारं पाणी ताटांत साचू द्यायचं नाही आणि वाया जातंय म्हणून दुसऱ्या कुंडीत तर मुळीच ओतायचं नाही, त्यात धुऊन काढलेलं मीठच असतं. ते गच्चीवर वाळू दिलं तर क्षार स्लॅबमध्ये मुरून सळया गंजवतात. म्हणून विटांच्या ओळीखाली अर्धा कापलेला पीव्हीसी पाइप उताराला ठेवून ते पाणी थेट गच्चीच्या पन्हाळीत सोडलं आहे.